पाय न टेकवता गाडी चालवायची कशी? ‘ट्रायल्स’ खेळातली तोल सांभाळायची पद्धत, पायरी-पायरीने

पाऊस सुरू झाला की पाणंद रस्त्यांवर दुचाकी घसरून पडण्याचे प्रकार सुरू होतात. बऱ्याचदा त्या वेळी गाडीचा वेग चालत्या माणसाएवढाच असतो. पुढचं चाक चाकोरीत सरकतं, चालवणारा घाबरून पाय खाली टाकतो, पाय चिखलात रुततो आणि शंभर-सव्वाशे किलोची गाडी त्याच पायावर येते. वेग कमी होता म्हणून मार कमी लागतो असं नाही. पेरणीच्या तोंडावर घोटा मोडला तर महिना-दीड महिना खाटेवर जातो. घरचा कर्ता माणूस असेल तर हंगामच हातचा जातो.

गाडी पळवायला सगळेच शिकतात. हळू चालवायला मात्र कोणी शिकवत नाही. जगात मोटारसायकलचा एक खेळ असा आहे की ज्यात वेगाला किंमतच नाही. दगड, चिखल, ओढा, चढ यातून गाडी काढायची, पण पाय जमिनीला लागू द्यायचा नाही. या खेळाला ‘ट्रायल्स’ म्हणतात. हे खेळाडू जे पहिल्या काही महिन्यांत शिकतात ते साध्या गाडीवर, मोकळ्या रानात कोणालाही शिकता येतं. त्याची माहिती इथे दिली आहे.

ट्रायल्स म्हणजे काय?

ट्रायल्समध्ये शर्यत नसते. डोंगरात, ओढ्यात, दगडांच्या राशीत छोटे-छोटे टप्पे आखलेले असतात. त्यांना ‘सेक्शन’ म्हणतात. दोन्ही बाजूंना खुणा असतात आणि त्यामधूनच गाडी न्यावी लागते. प्रत्येक सेक्शनवर एक निरीक्षक उभा असतो. तो गुण मोजतो, आणि हे गुण म्हणजे दंड असतो. ज्याचे गुण सर्वांत कमी तो जिंकतो.

गुणांचा हिशेब सोपा आहे:

- एकदाही पाय टेकवला नाही: ० गुण. याला ‘क्लीन’ म्हणतात.
- एकदा पाय टेकवला: १ गुण.
- दोनदा टेकवला: २ गुण.
- तीन किंवा जास्त वेळा टेकवला: ३ गुण.
- गाडी पडली, खुणेबाहेर गेली किंवा सेक्शन पूर्ण झाला नाही: ५ गुण.

या खेळातली आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सेक्शनमध्ये गाडी घालण्याआधी खेळाडू तो सगळा टप्पा पायी चालून बघतात. कुठला दगड हलतोय, कुठे निसरडं आहे, चाक कुठून न्यायचं आणि अडकलो तर बाहेर कुठून पडायचं, हे आधीच ठरतं. जगज्जेता खेळाडूसुद्धा न बघता गाडी घालत नाही.

खेळ आला कुठून?

हा खेळ ब्रिटनमध्ये वाढला. स्कॉटलंडमधली ‘स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल’ ही स्पर्धा १९०९ पासूनची आहे. आजही ती मे महिन्यात फोर्ट विल्यम या गावाच्या परिसरात सहा दिवस चालते आणि खेळाडूंना दिवसाला साधारण ३० सेक्शन पार करावे लागतात. इंग्लंडच्या यॉर्कशायर भागात आल्फ्रेड स्कॉट या मोटारसायकल कारखानदाराने आपल्या कामगारांसाठी १९१४ मध्ये अशीच स्पर्धा घेतली. तीही ‘स्कॉट ट्रायल’ नावाने सुरू आहे.

आधी साध्याच गाड्या वापरत. सॅमी मिलर हा उत्तर आयर्लंडचा खेळाडू १९६४ मध्ये स्पेनच्या बुल्टाको कंपनीकडे गेला आणि त्याने खास या कामासाठी हलकी गाडी तयार करून घेतली. १९६५ ची स्कॉटिश स्पर्धा त्याने त्याच गाडीवर जिंकली. तिथून जड गाड्या मागे पडल्या. जागतिक अजिंक्यपद १९७५ मध्ये सुरू झालं. पहिला विजेता होता इंग्लंडचा मार्टिन लॅम्पकिन. पुढे त्याचा मुलगा डगी लॅम्पकिन यानेही जगज्जेतेपदं मिळवली. २०१६ मध्ये डगीने आइल ऑफ मॅन बेटाला सुमारे ६० किलोमीटरची चक्कर पुढचं चाक खाली न टेकवता मारली.

२००४ मध्ये जपानचा ताकाहिसा फुजिनामी जगज्जेता झाला. स्पेनच्या लाइया सान्झ हिने महिलांचं जागतिक विजेतेपद १३ वेळा जिंकलं. आणि स्पेनचाच टोनी बोऊ हा २००७ पासून २०२४ पर्यंत दरवर्षी मैदानी आणि बंदिस्त स्टेडियममधली अशी दोन्ही जागतिक विजेतेपदं जिंकत आला. बोऊची सुरुवात सायकलवरच्या ट्रायल्सपासून झाली होती.

आपल्याकडे हाच खेळ शाळेत असतो

हे सगळं परदेशातलं वाटत असलं तरी त्याचं मूळ आपल्या ओळखीचं आहे. शाळेच्या स्नेहसंमेलनात किंवा गणेशोत्सवात हळू सायकल चालवण्याची स्पर्धा असते. फक्कीच्या दोन रेषांमधून सायकल न्यायची, पाय टेकवायचा नाही आणि जो शेवटी पोहोचेल तो पहिला. ट्रायल्सची पहिली पायरी हीच. जो पोरगा त्या स्पर्धेत नंबर काढायचा, तो मोठेपणी चिखलात गाडी बरी चालवतो, हे गावात अनेकांनी पाहिलं असेल.

त्यांची गाडी आणि आपली गाडी

ट्रायल्सची गाडी आपल्या गाडीपेक्षा फार वेगळी असते. वजन साधारण ६५ ते ७५ किलो. सीट जवळजवळ नसतंच, कारण सगळं उभं राहून चालवायचं असतं. पेट्रोलची टाकी दोन-तीन लिटरची. हँडल जास्त वळतं आणि इंजिनाचा खालचा भाग जमिनीपासून फूटभर उंच असतो. टायरमध्ये हवा अगदी कमी, ४ ते ६ पौंड ठेवतात, त्यामुळे मऊ टायर दगडाला चिकटून चालतो.

आपली १०० किंवा १२५ सीसीची गाडी शंभर-सव्वाशे किलोची असते आणि ती ओझं वाहायला व डांबरी रस्त्यावर पळायला बनवलेली असते. म्हणून त्यांची पद्धत घ्यायची, पण सगळंच जसंच्या तसं करायचं नाही. खास करून टायरमधली हवा ४-६ पौंडांवर आणू नका. ट्यूबच्या टायरमध्ये इतकी कमी हवा असली की टायर रिमवर सरकतो, व्हॉल्व्ह उपटून निघतो, आणि डांबरीवर आल्यावर गाडी डुलायला लागते. कंपनीने सांगितली तेवढीच हवा ठेवा.

तोल राहतो कसा?

वेगात गाडी आपोआप सरळ राहते, हे सगळ्यांच्या अनुभवाचं आहे. २०११ मध्ये नेदरलँड्स आणि अमेरिकेतल्या संशोधकांनी एक खास सायकल बनवून दाखवून दिलं की हे काम फक्त फिरत्या चाकाच्या जोराने होतं असं नाही. सायकल ज्या बाजूला पडायला लागते त्या बाजूला तिचं हँडल वळतं, चाक पडणाऱ्या वजनाच्या खाली येतं आणि सायकल पुन्हा उभी राहते. मोटारसायकलचं बरंचसं गणितही असंच आहे.

वेग कमी झाला की गाडी हे काम स्वतः पुरेसं करत नाही, ते चालवणाऱ्याला करावं लागतं. त्याच्याकडे पाच गोष्टी असतात: हँडल, क्लच, रेस, मागचा ब्रेक आणि स्वतःचं शरीर. पाय टेकवणं ही सहावी गोष्ट. नवखा माणूस पहिल्या पाच सोडून थेट सहावीवर येतो. सराव करायचा तो या पाचांचा.

सुरू करण्याआधी

जागा: रिकामं रान, खळं किंवा मैदान. जमीन सपाट आणि घट्ट असावी. वाळू, खडी आणि डांबर नको. मधे विहीर, खांब, तारेचं कुंपण नको. सार्वजनिक रस्त्यावर हा सराव करू नका.

अंगावर: आयएसआय खुणेचं हेल्मेट, घोटा झाकणारा बूट, फुल पँट, शक्य असेल तर हातमोजे आणि गुडघ्याला पॅड. चप्पल घालून सराव नको. हळू आहे म्हणून हेल्मेट नको असं म्हणू नका. उभ्या उंचीवरून डोकं दगडावर आपटायला वेग लागत नाही.

गाडी: क्लचची केबल नीट असावी, रेस मोकळी परत यावी, चेन फार ढिली नसावी. लेग गार्ड असेल तर पायावर गाडी येण्यापासून थोडा बचाव होतो. सोबत एक माणूस असू द्या.

वय: गिअरच्या गाडीचं लायसन १८ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं. अल्पवयीन मुलाच्या हातून गाडीने गुन्हा घडला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंडाची तरतूद आहे. शाळकरी मुलांनी सायकलवर शिकावं, त्याची माहिती पुढे दिली आहे.

पायरी १: उभं राहणं

गाडी बंद ठेवा. सोबत्याला पुढून हँडल धरायला सांगा आणि दोन्ही फुटरेस्टवर उभे राहा. गुडघे थोडे वाकलेले, कोपर बाहेर, नजर समोर. सगळं वजन पायावर पाहिजे. हातावर वजन आलं की हँडल आखडतं. हात इतके सैल हवेत की दोन बोटांनीही हँडल धरता यावं.

आता गुडघ्यांनी गाडी डावी-उजवीकडे हलवून बघा. गाडी खाली हलते, पण डोकं जागेवर राहतं. ट्रायल्सचं सगळं गमक इथे आहे. सीटवर बसलेला माणूस आणि गाडी एकच ओझं असतं, गाडी कलली की माणूसही कलतो. उभा राहिला की दोन्ही वेगळे होतात.

आपल्या गाड्यांचं हँडल खाली असतं, त्यामुळे जास्त वेळ उभं राहिलं तर कंबर भरते. खड्डा, दगड, ओढा येईल तेवढ्यापुरतं उभं राहणं पुरेसं आहे. बाकी वेळ बसून चालवा, पण हात सैल आणि वजन पायावर हीच सवय ठेवा.

पायरी २: हाफ क्लच

पहिला गिअर. रेस थोडी वाढवून तिथेच ठेवा. क्लच हळूहळू सोडा आणि गाडी ओढ घ्यायला लागली की तिथेच थांबवा. ही जागा बोटांना कळायला हवी. गाडी एक फूट पुढे जाऊ द्या, क्लच दाबा, पुन्हा एक फूट. असं वीस-पंचवीस वेळा करा. वेग कमी-जास्त करायचा तो क्लचने, रेस एकसारखी ठेवायची. नवखे लोक उलट करतात, रेस सोडतात आणि गाडी हिसका देऊन बंद पडते. हळू चालताना गाडी बंद पडली की पाय टेकलाच म्हणून समजा.

क्लचवर चारही बोटं ठेवायची गरज नाही. एक किंवा दोन बोटांत काम होतं आणि बाकीच्या बोटांनी मूठ धरलेली राहते. हाफ क्लचने क्लच प्लेट तापते, म्हणून पाच मिनिटं सराव, मग गाडी बंद करून थोडं थांबायचं.

पायरी ३: मागचा ब्रेक

हाफ क्लचवर गाडी चालू असताना उजव्या पायाने मागचा ब्रेक अगदी हलका लावून ठेवा. इंजिन ओढतंय आणि ब्रेक धरतोय, या दोघांच्या मध्ये गाडी ताणलेल्या दोरीसारखी स्थिर होते. हळू चालवण्यात ही युक्ती सर्वांत जास्त उपयोगी पडते.

एक खबरदारी घ्या. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या बऱ्याच नव्या गाड्यांत पायाचा ब्रेक दाबला की पुढचाही थोडा लागतो. अशा गाडीवर ब्रेकला फक्त स्पर्श करायचा. आणि हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक हाताने लावायचा नाही. पुढचं चाक जागेवर घसरतं आणि गाडी सावरायला वेळच मिळत नाही.

पायरी ४: सरळ रेषेत हळू

तीस फूट लांबीच्या दोन रेषा फक्कीने ओढा. दोन्हीमध्ये दोन फूट अंतर ठेवा. पाय न टेकवता जास्तीत जास्त वेळ घेऊन पार करा. सोबत्याला मोबाइलवर सेकंद मोजायला सांगा. पहिल्या दिवशी सात-आठ सेकंद लागतील. बारा सेकंद जमले की प्रगती चांगली आहे. पंधरा झाले की खरा तोल आला.

नजर रेषेच्या शेवटी ठेवा. पुढच्या चाकाकडे बघितलं की गाडी डुलते. विहिरीच्या काठावरून चालताना माणूस पायाकडे बघत बसला तर जसं होतं तसंच.

पायरी ५: गोल आणि आठचा आकडा

मधोमध एक दगड ठेवा आणि त्याभोवती २५ फूट रुंदीचा गोल काढा. जमल्यावर २० फूट. डावीकडून दहा, उजवीकडून दहा. बहुतेकांना एक बाजू सोपी जाते आणि दुसरी अवघड. अवघड बाजूला जास्त वेळ द्या.

हळू वळताना गाडी आत झुकवायची आणि अंग बाहेर ठेवायचं. उजवीकडे वळायचं तर गाडी उजवीकडे कलते, वजन मात्र डाव्या फुटरेस्टवर येतं. मान वळवून जिथे जायचं तिथे बघायचं. गाडी आत पडतेय असं वाटलं तर पाय टाकू नका, क्लच किंचित सोडा. ओढ मिळाली की गाडी उभी होते.

मग दोन दगड ठेवून आठचा आकडा काढा. लायसनच्या परीक्षेत आठ काढायला लावतात तेव्हा बरेच जण कसाबसा पार करतात आणि विसरून जातात. तो रोज दहा वेळा काढला तर शेताच्या अरुंद बांधावरून गाडी वळवणं सोपं जातं.

पायरी ६: एक सेकंद थांबणं

हळू चालता-चालता क्लच दाबा, मागचा ब्रेक लावा, गाडी पूर्ण थांबू द्या, आणि पडायच्या आत पुन्हा सोडा. अर्धा सेकंद, मग एक सेकंद. ट्रायल्सवाले हँडल एका बाजूला वळवून एकाच जागी बराच वेळ उभे राहतात. जड गाडीवर तेवढं करायची गरज नाही. एक सेकंद जरी जमला तरी पुढे काय करायचं ते ठरवायला वेळ मिळतो.

पायरी ७: छोटा अडथळा

दोन इंच जाडीची फळी जमिनीत खुंटी मारून पक्की करा. चाक फळीला काटकोनात आलं पाहिजे. तिरकं आलं तर चाक फळीवरून सरकून जातं. जवळ आलं की उभे राहा, गुडघे वाकवा, चाक लागायच्या किंचित आधी थोडी रेस द्या म्हणजे पुढचा भाग हलका होतो. पुढचं चाक चढलं की रेस कमी करा, मागचं चाक वेगावर आपोआप येतं. गुडघ्यांनी धक्का गिळायचा. चाक उचलून स्टंट करणं हा यातला भाग नाही.

वाटेत आडव्या टाकलेल्या पाइपावरचा मातीचा उंचवटा, झाडाची मुळी, फरशीची कड, सगळीकडे हीच रीत. काटकोनात जा, उभे राहा, चढताना ब्रेक लावू नका.

पाणंदीवर वापरायचं कसं?

आधी उतरून बघा. जगज्जेते चालून बघतात, तर आपण बघायला काय हरकत आहे? पन्नास फुटांचा खराब टप्पा बघायला दोन मिनिटं लागतात. कुठे खोल आहे ते काठीने कळतं.

चाकोरी: ट्रॅक्टरच्या चाकोरीत उतरलात तर चाकोरीतच चला. नजर लांब ठेवा, हात सैल ठेवा, वेग एकसारखा ठेवा. चाकोरीच्या भिंतीला चाक घासलं तरी हँडल झटकू नका. बाहेर निघायचं तर जिथे कड बुटकी आहे तिथे निघा, तेही चाक चांगलं वळवून. तिरकं घासत निघायला गेलं की मागचं चाक आत राहतं आणि गाडी आडवी होते.

चढ: गिअर चढाच्या आधीच टाका. अंग पुढे घ्या. मध्येच गाडी बंद पडली तर क्लच दाबू नका. गिअरमध्ये असलेलं इंजिन गाडीला धरून ठेवतं. क्लच दाबला की गाडी मागे सुटते. पुढचा ब्रेक धरा आणि पाय चढाच्या बाजूला टेकवा, उताराच्या नाही.

उतार: पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, अंग मागे. इंजिनच गाडीला अडवतं. मागचा ब्रेक हलका. पुढचा लावलाच तर हँडल सरळ असताना आणि हळूच.

काळी माती: चिकट काळा चिखल मडगार्डमध्ये भरतो आणि चाक जाम होतं. अशा वेळी कोणताही तोल कामाला येत नाही. गाडी डांबरीलगत ओळखीच्या घरी लावून चालत जाणं शहाणपणाचं.

दुधाचे कॅन आणि मागे बसलेलं माणूस

एकाच बाजूला भरलेला कॅन लावला तर सगळा तोल त्या बाजूला जातो. दोन्ही बाजूंना सारखं वजन, आणि जमेल तितकं खाली. अर्धा भरलेला कॅन जास्त त्रास देतो, कारण दूध हिंदकळतं आणि वळणावर वजन सरकतं. रोज कॅन नेणाऱ्यांनी आधी रिकाम्या गाडीवर सराव करावा, मग कॅनमध्ये पाणी भरून तोच सराव करावा. दूध सांडण्यापेक्षा पाणी सांडलेलं बरं.

मागे माणूस असेल तर खराब टप्प्याआधी त्याला उतरवा. साडी नेसून एका बाजूला बसलेल्या बाईला गाडी कलल्यावर पाय टेकवायला दुसरी बाजूच नसते. मागच्या चाकाला कपडे अडकू नयेत म्हणून संरक्षक जाळी, मागे बसणाऱ्याला धरायला कडी आणि फुटरेस्ट असावं, असं मोटार वाहन नियमांत आहे. अनेक जण जाळी काढून टाकतात किंवा कॅनसाठी कापतात. ती परत बसवून घ्या. आईला, बायकोला पन्नास फूट चालायला लावलं यात कमीपणा नाही.

पाय टेकवायचाच नाही का?

खेळात पाय टेकवला तर एक गुण जातो. आपल्याला गुण मोजायचे नाहीत. गाडी पूर्ण थांबल्यावर किंवा थांबताना पाय टेकवणं योग्यच आहे. धोका आहे तो चालत्या गाडीवरून पाय पुढे किंवा बाहेर ताणण्यात. टाच जमिनीला अडकते, गाडी पुढे जाते, गुडघा पिळला जातो किंवा पिंढरीवर फुटरेस्ट येतं. आणि गाडी पडणारच असेल तर तिला पायाने तोलून धरू नका. हँडल सोडा आणि बाजूला व्हा. वाकलेलं लिव्हर थोड्या पैशात बदलून मिळतं.

मुलांनी सुरुवात सायकलवर करावी

सायकलचं ट्रायल्स हाही जगभर खेळला जाणारा खेळ आहे. स्पेनमधल्या पेरे पी या मोटारसायकल ट्रायल्स खेळाडूने आपल्या ओत या मुलाला सायकलवर हा सराव द्यायला सुरुवात केली आणि त्यातून हा प्रकार वाढला. स्कॉटलंडच्या डॅनी मॅकास्किलचा २००९ मधला व्हिडिओ मोबाइलवर जगभर पाहिला गेला, तोही याच परंपरेतला. तो मात्र अनेक वर्षांच्या सरावाचा परिणाम आहे. बघून लगेच भिंतीवर चढायला जाऊ नये.

मुलांसाठी पहिला धडा: सायकल हलक्या चढाला तोंड करून उभी करा. पेडल दोन्ही समान पातळीवर, पुढचं चाक थोडं वळवलेलं. सीटवरून उठा. पेडलवर किंचित जोर दिला की सायकल पुढे येते, जोर कमी केला की चढामुळे मागे जाते. या मागेपुढे होण्यात तोल सापडतो. आधी दोन सेकंद, मग पाच, मग दहा. सीट खाली घेतलेली बरी आणि दोन्ही ब्रेक चालू असलेच पाहिजेत.

सराव किती?

रोज पंधरा-वीस मिनिटं पुरेत. एकाच दिवशी दोन तास केलं की हात भरून येतात आणि चुका वाढतात. पहिला आठवडा पायरी १ ते ३, दुसरा ४ आणि ५, तिसऱ्यात ६ आणि ७. एक पायरी जमल्याशिवाय पुढची घेऊ नका. कोरड्या जमिनीवर पक्कं झाल्यावरच ओल्या जमिनीवर जा. उन्हाळ्यात रान मोकळं असतं, तेव्हा शिकून घेतलं तर पहिल्या पावसाला उपयोगी पडतं.

हाताच्या नेहमीच्या चुका तीन: मूठ घट्ट आवळणं, चाकाकडे बघणं, घाबरून रेस सोडणं. या तीन सुटल्या तरी निम्मं काम झालं.

एक मर्यादा

हा तोल चिखल, दगड, चाकोरी आणि वळणासाठी आहे. फरशी पुलावरून पाणी वाहत असेल तर तो कामाचा नाही. वाहत्या पाण्याचा रेटा चाकांना बाजूने ढकलतो आणि खाली फरशी आहे की वाहून गेली आहे ते दिसत नाही. तिथे आधी चालून बघणंही धोक्याचं. गाडी अलीकडे लावा आणि पाणी उतरेपर्यंत थांबा. दूध एक वेळ घरी राहिलं तर त्याचं दही लावता येतं.